कुंडीवरचे जुने पातळ

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. उष्णतेचे प्रकरण गेली वीस वर्षे दरवर्षी शिकवीत आलो आहे. वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्हींच्या व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. तरीही याच प्रकरणात माझ्या आईने मला एकदा नापास केले. कसे ते सांगतो, कारण त्यातून एक मुद्दा तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडायचा आहे.

आम्ही नाशिकला राहतो. चार-पाच वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता मी गच्चीवर मिरचीच्या सहा कुंड्या लावल्या. दिवाळीपर्यंत झाडे गुडघ्याएवढी झाली, फुले आली, मिरच्याही धरल्या. मग थंडी पडली. पाने मलूल दिसू लागली, नवी फुले गळू लागली आणि झाडावरच्या मिरच्या हिरव्याच्या हिरव्याच राहिल्या. मला तर लाल मिरच्या हव्या होत्या. मी खत घातले, पाणी वाढवले. काही उपयोग झाला नाही.

त्याच सुमारास आई गावाहून आली. आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. थंडीची लाट आली की तिथले द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आईने कुंड्यांकडे एकदा पाहिले, चार काठ्या रोवल्या आणि संध्याकाळी आपले एक जुने पातळ त्यांवर मांडवासारखे ताणून टाकले.

मला हसू आले. मी म्हणालो, "अगं आई, पातळाला का ऊब असते? आपण पांघरूण घेतो तेव्हा आपले शरीर उष्णता निर्माण करते आणि पांघरूण ती धरून ठेवते. झाड उष्णता निर्माण करीत नाही. शिवाय हे सगळीकडून उघडे. हवा आत-बाहेर खेळतेच आहे. मग आतले तापमान आणि बाहेरचे तापमान सारखेच राहणार."

आई म्हणाली, "तू शिकव तुझ्या पोरांना. मी माझी झाडं झाकते."

माझे बोलणे तुम्हांला पटले का? जरा थांबा आणि विचार करा. मला स्वतःला ते पूर्ण पटलेले होते. आईला पटवून द्यावे म्हणूनच मी प्रयोगशाळेतून दोन तापमापी घरी आणले. आधी दोन्ही एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवून पाहिले. एक दुसऱ्यापेक्षा अर्धा अंश जास्त दाखवीत होता, तेवढी वजावट लिहून ठेवली. मग एक तापमापी पातळाखालच्या झाडाजवळ आणि दुसरा उघड्या झाडाजवळ, दोन्ही पानांच्या उंचीवर, बांधून टाकले.

पहाटे साडेसहाला वर गेलो. पातळाखाली ९ अंश सेल्सिअस होते. उघड्यावर साडेसहा. उघड्या झाडाची पाने दवाने ओली होती आणि पातळाखालची कोरडी.

तापमापींची अदलाबदल केली, तरी दुसऱ्या दिवशी तेच. बारा रात्री मोजले. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तेव्हा फरक दोन ते तीन अंश. वारा असेल तेव्हा कमी. दोन रात्री आकाश ढगाळ होते, त्या दोन्ही दिवशी फरक अर्ध्या अंशावर आला. ढगांचा हा आकडा पाहिला आणि मला लख्ख उमगले, की मी झोपेतही सांगू शकेन अशा तीन शब्दांपैकी तिसराच शब्द विसरलो होतो.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णतेचे प्रारण करीत असते. १० अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ३६० ज्यूल ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. भिंती, जमीन, झाडे हीही त्याच्याकडे जवळजवळ तेवढीच परत टाकतात, म्हणून हिशेब जुळतो. पण वरच्या बाजूला निरभ्र, कोरडे आकाश असेल, तर तिकडून परत येणारी ऊर्जा बरीच कमी असते. ही तूट चौरस मीटरला सेकंदाला शंभर ज्यूलच्या घरात जाऊ शकते. पान पातळ असते, त्याच्याजवळ साठा थोडा. ते भराभर थंड होते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणून तर त्यावर दव पडते. ढग आले की ते आकाशापेक्षा पुष्कळ अधिक ऊर्जा परत पाठवतात, आणि वारा आला की तो आपली उष्णता पानाला देतो.

आईच्या पातळाने कोणतीही ऊब निर्माण केली नव्हती. त्याने फक्त पानाला आकाश दिसू दिले नाही. पानाच्या डोक्यावर थंड आकाशाऐवजी जवळजवळ हवेच्याच तापमानाचे कापड आले. त्यासाठी जाड घोंगडी लागत नाही. पातळ हे पातळ असले तरी चालते!

मित्रहो, माझी ही फजिती काही पहिलीच नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स नावाचे एक डॉक्टर होते. १८१४ साली त्यांनी दवावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि दव का पडते याचा उलगडा प्रयोगांनी केला. त्या निबंधात त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे, की नाजूक झाडांवर पातळशी चटई टाकणाऱ्या माळ्यांना आपण पूर्वी अर्धवट ज्ञानाच्या घमेंडीत हसत होतो. तापमान मोजल्यावर त्यांना कळले, की माळीच बरोबर होते. त्याच वर्षी वेल्स यांना या कामाबद्दल रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले.

याच गोष्टीचा एक धागा आपल्या देशातही आहे. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडे बर्फ कसा तयार करतात याचे वर्णन छापले. तिथले कारागीर जमिनीत उथळ खड्डे करीत, त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची ताटे पसरीत आणि त्यांवर मातीची उथळ भांडी पाणी घालून रात्रभर उघड्या आकाशाखाली ठेवीत. पहाटे त्यांत बर्फ जमलेला असे. चिपाडांमुळे जमिनीची उष्णता वर येत नसे आणि पाणी आपली उष्णता आकाशाला देऊन टाकी. वेल्स यांनी आपल्या निबंधात या हिंदुस्थानी बर्फाचाही विचार केला आहे. आई आकाश झाकून झाड वाचवीत होती आणि ते कारागीर आकाश उघडे ठेवून बर्फ जमवीत होते. नियम एकच.

इथे एक सावधगिरीची सूचना देतो. ही गोष्ट ऐकून काही जण लगेच म्हणतील, "पाहा, आपल्या जुन्या माणसांना सारे ठाऊक होते. मोजायची गरजच काय?" त्यांच्यासाठी पुढचा भाग.

पातळाच्या विजयानंतर आईने दुसरा उपाय सांगितला. "हिरव्या मिरच्या तोड आणि तांदळाच्या डब्यात घाल. आंब्यासारख्या पिकतील." आता हसण्याची माझी छाती नव्हती. मी वीस मिरच्या तोडल्या. त्यांपैकी आठांवर तपकिरी छटा आलेली होती आणि बारा पूर्ण हिरव्या होत्या. निम्म्या तांदळात घातल्या आणि निम्म्या स्वयंपाकघरातल्या फडताळात ताटलीत पसरून ठेवल्या. दहा दिवसांनी पाहिले. तपकिरी आठही लाल झाल्या होत्या, तांदळातल्याही आणि ताटलीतल्याही. हिरव्या बारांपैकी दोन लालसर झाल्या, एक इकडची, एक तिकडची. बाकीच्या सुरकुतल्या. तांदळाच्या डब्याने काही साधले असे दिसले नाही.

याचे कारण वनस्पतिशास्त्राच्या माझ्या सहकाऱ्यांनी समजावले. आंबा, केळी, टोमॅटो ही फळे पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तोच वायू त्यांचे पिकणे वेगाने पुढे नेतो. अढीत किंवा डब्यात तो कोंडला की फळे लवकर पिकतात. मिरची सहसा या गटात मोडत नाही. तिच्यात आतून बदल सुरू झालेला असावा लागतो. हरितद्रव्य नाहीसे होऊ लागते आणि लाल रंगद्रव्य तयार होऊ लागते. दोन्ही एकत्र असतात तेव्हा एक लाल प्रकाश शोषतो, दुसरे हिरवा-निळा शोषते, आणि आपल्याला दिसतो तो तपकिरी रंग. म्हणून तपकिरी छटा ही खूण समजावी. ती आल्यावर मिरची तोडली तर घरातल्या २० ते २५ अंश तापमानात ती लाल होते. ती येण्यापूर्वी तोडली तर बहुधा नुसती सुकते. आणि शीतकपाटात ठेवाल तर रंग चढण्याचे काम जवळजवळ थांबते, शिवाय फार थंडीने मिरचीच्या सालीला खड्डे पडतात.

म्हणजे आई एका ठिकाणी बरोबर होती आणि एका ठिकाणी चुकली. मीही तसाच. कोण कुठे बरोबर हे ना वयाने ठरले, ना पदवीने. ते ठरवले दोन तापमापींनी आणि एका ताटलीने. अर्थात, वीस मिरच्यांवरून नियम सिद्ध होत नाही. तुम्ही दोनशे घेऊन पाहा आणि माझे चुकले असेल तर मला चुकीचे ठरवा.

कुंडीतल्या मिरचीत पदार्थविज्ञान किती भरलेले आहे ते पाहा. ही वनस्पती मूळची अमेरिकेतली. पोर्तुगिजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली राहू लागले की तिची फुले नीट फळत नाहीत, गळतात. जमिनीतल्या झाडाची मुळे खोल असतात, आणि तिथे दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही. कुंडी मात्र सर्व बाजूंनी उघडी. १० सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १००० घन सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ५४०० आणि घनफळ २७०००. म्हणजे लहान कुंडीत मातीच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमागे उष्णता जायला तिप्पट दार उघडे. थंडीत मोठी कुंडी का बरी, याचे उत्तर भूमितीत मिळाले.

मातीची कुंडी उन्हाळ्यात माठासारखी थंड राहते, म्हणून आपण तिचे कौतुक करतो. पण तिच्या अंगातून पाझरणारे पाणी हिवाळ्यातही वाफ होऊन उडतच असते. एक ग्रॅम पाणी उडते तेव्हा सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात वरदान असलेला गुण हिवाळ्यात मुळांना गारठवतो. गारठलेली मुळे पाणी कमी ओढतात, म्हणून माती ओली असूनही पाने मलूल दिसतात. मग माझ्यासारखा माणूस आणखी पाणी घालतो!

आता पाण्याचाच उपयोग पाहा. झाडांच्या मध्ये दहा लिटर पाण्याची बादली दिवसभर उन्हात ठेवा. समजा ती संध्याकाळी २५ अंशांवर आहे आणि पहाटेपर्यंत १५ वर येते. १० किलोग्रॅम गुणिले १० अंश गुणिले ४१८६, म्हणजे ती सुमारे ४ लाख १९ हजार ज्यूल उष्णता भोवती सोडते. साठ वॅटचा दिवा जवळजवळ दोन तास जळाला तर एवढी ऊर्जा मिळते. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीचा साठा याच्या पाचव्या हिश्श्याइतका. उघड्या गच्चीवर यातली बरीच उष्णता वाया जाते, पण पातळाच्या मांडवाखाली ठेवली तर किती उपयोगी पडते? मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

आणखी एक गंमत. नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवरच येतो आणि दक्षिणेकडच्या सज्जात आतपर्यंत ऊन पोचते. मे अखेरीस तोच सूर्य डोक्यावर असतो आणि दुपारी त्याच सज्जात सावली असते. म्हणून हिवाळ्यात कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीशी न्याव्यात. भिंत दिवसभर तापते आणि रात्री आपली उष्णता परत देते. वर छपराचा आडोसाही मिळतो, म्हणजे पातळाचे काम छप्परच करते.

आता मूळ मुद्दा. तो सांगण्यापूर्वी मला एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने साध्या लंबकाचा प्रयोग केला. गुरुत्वत्वरणाचे उत्तर तिने ९.५ आणले. बाकी सगळ्यांचे ९.८ होते. मी तिच्या जर्नलवर लाल शाईने फुली मारली आणि 'पुन्हा करा' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी तिने ९.८ आणले. मी सही केली. वर्ष संपल्यावर रद्दीत घालायची जर्नले चाळताना तिचे ते पान पुन्हा समोर आले, आणि या वेळी मी ते नीट वाचले. लंबकाची लांबी तिने ४० सेंटिमीटर लिहिली होती. शेजारच्या आकृतीत ही लांबी गोळ्याच्या माथ्यापर्यंतच दाखवली होती, मध्यापर्यंत नव्हे. आमच्या गोळ्याची त्रिज्या सव्वा सेंटिमीटर. ती लांबीत मिळवा आणि हिशेब करा. ९.५ चे बरोबर ९.८ होतात! तिची घड्याळाची वाचने अचूक होती. सबंध वर्गात बहुधा तीच एकटी होती, जिने खरोखर मोजले होते. मी तिला फक्त "लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस?" एवढे विचारायला हवे होते. त्याऐवजी मी तिला शिकवले, की उत्तर आधी ठाऊक असते आणि वाचने त्याला जुळवून घ्यायची असतात.

पातळाच्या प्रयोगात मी तिच्या जागी असतो आणि मला 'बरोबर' उत्तर आधी ठाऊक असते, तर मी जर्नलात काय लिहिले असते? 'फरक : शून्य अंश.' आणि माझ्यासारख्याच एखाद्या शिक्षकाने त्यावर सही केली असती.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. वर्षातून एक तरी प्रयोग असा द्यावा, की ज्याचे उत्तर तुम्हांलाही ठाऊक नाही. गुण उत्तराला देऊ नयेत. वाचने रोजच्या रोज, खाडाखोड न लपवता लिहिली का, तापमापी आधी तपासून घेतला का, न जुळणारे वाचन तसेच ठेवले का, आणि फसलेला प्रयोग का फसला याचा विचार केला का, याला द्यावेत. झाड मेले तरी पूर्ण गुण मिळावेत, मात्र मेल्याची तारीख आणि त्या पहाटेचे तापमान लिहिलेले हवे.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम पुरा होत नाही, वेळ कुठला? हे खरे आहे, मी ते नाकारत नाही. पण या कामाला तास लागत नाही. मिरचीच्या चार कुंड्या, दोन साधे तापमापी, एक जुने कापड आणि पहाटेची पाच मिनिटे, एवढ्यावर भागते. वाचने विद्यार्थी घरीच घेतील. तापमापी शाळेच्या कपाटात असतोच. त्याला कुलपाबाहेर काढायचे धैर्य तेवढे हवे. फुटला तर फुटला. कपाटात वीस वर्षे अभंग राहिलेल्या तापमापीने कोणाला काय शिकवले?

आणि विद्यार्थी मित्रहो, शाळेने दिला नाही तरी हा प्रयोग तुम्ही करा. दोन सारख्या कुंड्या उघड्यावर आणि दोन कापडाखाली. सहा आठवडे रोज सकाळची तापमाने, आकाश कसे होते, वारा होता का, दव पडले का, फुले किती गळली आणि पहिली तपकिरी छटा कोणत्या मिरचीवर कोणत्या तारखेला आली, हे लिहून ठेवा. तुमचे गाव कोकणात असेल तर फरक कमी येईल, असा माझा अंदाज आहे, कारण तिथली हवा दमट. पण तो अंदाज आहे. माझ्या अंदाजांचे काय होते ते तुम्ही वर वाचलेच आहे.

घरातले वडीलधारे एखादा उपाय सांगतील, तेव्हा हसू नका आणि डोळे मिटून मानही डोलावू नका. "करून पाहूया," म्हणा आणि वही उघडा.

आमच्या गच्चीवर आता दर हिवाळ्यात ते पातळ ताणले जाते. लाल मिरच्या संक्रांतीच्या आसपास मिळतात. आई अजूनही काही हिरव्या मिरच्या तांदळाच्या डब्यात टाकते. मी काही बोलत नाही. फक्त शेजारी एक ताटली ठेवतो.